दहाव्याचा कावळा

विद्यापीठवाल्यांनो, तुम्ही धडधडीत खोटं छापलंत. "जगातल्या कुठल्याही माणसाला काय हवंय ते आमचा विद्यार्थी ओळखतो," म्हणे! त्यासाठी सौमित्रला तुम्ही तीन देशांत शिकवलंत. फिनलंडमध्ये तो समोरच्याच्या गप्पपणातला होकार ओळखायला शिकला, कोरियात दोन्ही हातांनी कार्ड घ्यायला, ब्राझीलमध्ये आधी गळाभेट घेऊन मग धंद्याचं बोलायला. लगेच सिंगापुरात मोठी नोकरी लागली.

आज त्याच्या आईचा दहावा. घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. "ताई, तुझ्या धाकटीचं लग्न मी लावतो!" मामा हात जोडून ओरडला. कावळा फांदीवरच. मावशीने गाय, तुळस सांभाळायची हमी दिली. तरीही नाही.

सगळे सौमित्रकडे वळले. त्याला रडू येत नव्हतं, काहीच होत नव्हतं. दर रविवारी आई फोनवर "जेवलास का?" विचारायची, "हो, ठेवतो," म्हणायचा तो. तिला त्याने कधी काही विचारलंच नव्हतं.

"साऱ्या जगाला काय हवंय ते कळतं ना तुला?" मामाचा आवाज चिरकला. "मग माझ्या बहिणीचं काय राहिलंय? बोल की रे!"