कोपऱ्यातलं शेवटचं पान

तो बोटीवर नोकरीला, पण जीव सगळा घरच्या फिशटँकमधल्या झाडांत. फिल्टर तुंबला की पाण्याचा जोर ओसरायचा आणि उजव्या कोपऱ्यातली पानं जागच्या जागी काळी पडायची. त्या फिल्टरचं आडमुठं झाकण उघडायची खुबी दोघांनाच ठाऊक होती: त्याला आणि त्याच्या जिवाभावाच्या मित्राला. निघताना त्याने मित्राला बजावलं होतं, "अधूनमधून जाऊन साफ करत जा रे बाबा!"

बायको मात्र दर फोनला कुरकुरायची, "कसला येतोय तुझा मित्र! माझ्याने ते झाकण हलत नाही. झाडं गेलीच समज."

आज व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता त्याची नजर तिच्या खांद्यामागे गेली. पाणी नितळ झालं होतं आणि कोपऱ्यातलं शेवटचं पानसुद्धा मजेत डुलत होतं.

"कोणी आलं होतं का गं?"

"इथे कोण मरायला येतंय?"

फोन ठेवून त्याने लगेच मित्राला लावला.



"अरे, वहिनी घरी एकट्या असतात, बरं दिसत नाही ना... म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही बघ."