डिमरचं चाक

"वायर सोडवा, पण चाक तिथंच राहू द्या," गजेंद्रभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "अर्जुनकाकाले समजलं नाही पाह्यजे."

सुचिता शिडीवरच थांबली. खामगावच्या या टॉकीजमध्ये दिवे आपोआप मंद करणारं मशीन बसवायला ती बुलढाण्याहून आली होती. पडद्यावर सर्टिफिकेट झळकलं की हॉलमधले दिवे हळूहळू विझणार, मध्यंतराला पुन्हा उजळणार. त्यासाठी माणूस लागणार नव्हता.

आजवर तो माणूस म्हणजे अर्जुनकाका. एकतीस वर्षं मागच्या भिंतीवरचं डिमरचं चाक त्यांनीच फिरवलं. अलीकडे मात्र त्यांचा हात कापायचा. दिवे झटके खात उतरायचे आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं.

"मंग त्यायले सरळ सांगून टाका ना," सुचिता म्हणाली.

"कसं सांगू, ताई? माह्या वडलानं ठेवलेला माणूस. काकू गेल्यापासून घरी कोणी नाही. पिंपळगाव राजाहून रोज एसटीनं येते ते या चाकासाठीच." मालक असूनही गजेंद्रभाऊंची नजर खाली गेली. "मी त्यायले म्हणलं, नवीन मशीन प्रोजेक्टरचं हाय."

सुचिताच्या मनाला ते पटेना. दुपारच्या शोला ती काकांशेजारी उभी राहिली आणि मोबाईलवर वेळ मोजली. पूर्ण अंधार व्हायला चौदा सेकंद.

"इतकं सावकाश काऊन, काका?"

"आलेल्या माणसाले आपली खुर्ची तं सापडली पाह्यजे! अन् शेजारी कोण बसलं तेही दिसलं पाह्यजे."

तिनं मशीनलाही चौदाच सेकंद लावले. मग चाकाची वायर सोडवली. ती सोडवताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी नवा पिक्चर लागला. सर्टिफिकेट आलं, काकांनी चाकाला हात घातला आणि दिवे अलगद उतरत गेले. एकही शिट्टी वाजली नाही.

"पाह्यलं का भाऊ? हात पुन्हा बसला माहा!" काका दाराकडे बघून म्हणाले.

"हाव काका. हे तुमालेच जमते," दारातून गजेंद्रभाऊ म्हणाले.

सुचितानं मान फिरवली.

महिन्याभरानं ती मशीन तपासायला आली. काका फडक्यानं चाक पुसत होते. तिला पाहताच त्यांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून तिच्या ओंजळीत घातल्या. त्या शेंगा हातात घेऊन उभं राहणं तिला जड झालं.

"काका, तुमाले एक खरं सांगाचं हाय."

"आंधी माह्यं ऐक, पोरी." काकांनी एकदा दाराकडे पाहिलं. "गजेंद्रभाऊ रोज या शोले दारात उभा राह्यते. मले दिवे उतरवताना पाह्यते अन् मंगच घरी जेवाले जाते. बाप गेल्यापासून त्याले एवढं निवांत मी कधी पाह्यलं नाही. त्याच्यापाशी काही बोलू नको."

"कशाबद्दल, काका?"

काका तिच्या कानाशी वाकले.

"पहिल्या शुक्रवारपासून मी चाक उलटं फिरवून राह्यलो."