पुरिताबाईंचं बोट

"सत्त्याण्णव!" इसिद्रो ओरडला आणि माईक छातीशी धरून कमरेत वाकला. कॅरिओकीच्या यंत्रातून तुताऱ्या वाजल्या. त्याच्या घरची अकरा माणसं लढाई जिंकल्यासारखी नाचली.

पुरिताबाईंनी मनातल्या मनात टिपण केलं. पहिल्या कडव्यात सात चुका, दुसऱ्यात नऊ, शेवटचा सूर तर थेट शेजारच्या गल्लीत. यंत्राला काय कळतंय! जो जास्त बोंबलेल त्याला जास्त गुण.

बाजारात सुकी मासळी विकणारी ही मंडळी इसिद्रोच्या मुलासाठी पुरिताबाईंच्या लेकीला, लिगायाला मागणी घालायला आली होती. भाजलेलं डुक्कर आणलं, भाताच्या गोड वड्या आणल्या, इथवर ठीक. पण तीनचाकीच्या टपावर बांधून हे गाण्याच्या यंत्राचं धूडही आणलं. लग्नाची तारीख राहिली बाजूला, आल्या आल्या भोकाड सुरू.

पुरिताबाई तेवीस वर्षं चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख. कुणाचा सूर उतरला की त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप वर जायची, आणि ती ज्याच्यावर रोखली जाई तो त्या रविवारी पुन्हा तोंड उघडत नसे. आज तर्जनी त्यांनी मांडीखाली दाबून ठेवली होती. नकार द्यायचाच होता, पण रीतीनं, जेवणं झाल्यावर. 'तुमच्या घराचं वळण आमच्या घराशी जुळत नाही.' वाक्यसुद्धा तयार होतं.

"विहीणबाई, आता तुम्ही!" इसिद्रोनं माईक पुढे केला.

"अजून विहीण झालेले नाही मी."

"मग गाऊन व्हा की!"

सगळे खिदळले. पुरिताबाई उठल्या. एकदा दाखवूनच द्यावं म्हणून गायल्या. एक सूर हलला नाही. शेवयांच्या ताटातले हात थांबले, पोरं गप्प झाली, माणसं चर्चच्या बाकावर बसल्यासारखी ताठ बसली. कुणी ओठही हलवला नाही. गाणं संपल्यावर इसिद्रोच्या म्हाताऱ्या मावशीनं छातीवर क्रूस काढला.

"काय गळा आहे! अगदी मयताला ऐकावा असा." बिचारीनं मनापासून कौतुक केलं होतं.

"लिगाया, ये गं!" नवरामुलगा रामिल म्हणाला.

"तिला नका आग्रह करू," पुरिताबाईंनी नेहमीचा सुस्कारा सोडला. अर्ध्या गावानं तो ऐकला होता. "देवानं तिला गळाच दिला नाही. नऊ वर्षांची झाली आणि गाणं सुटलं ते सुटलंच."

लिगाया उठली. गाण्यांच्या नंबरांची वही न उघडताच तिनं यंत्रावर आकडा दाबला.

"हिला नंबर पाठ कसा?" पुरिताबाईंनी विचारलं.

"दर रविवारी आमच्या अंगणात हेच तर म्हणते," रामिल हसला. "हातातून माईक ओढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे जेवायला बसते."

लिगाया गात होती. इसिद्रोच्या खांद्यावर हात टाकून, डोळे मिटून, मध्येच हसत. आवाज जाडाभरडा, पण भरलेला. ती अकराची अकरा माणसं तिच्याबरोबर टाळ्या पिटत होती. वरच्या पट्टीवर सूर जरासा घसरला.

तर्जनी वर गेली.

लिगायानं नेमके तेव्हाच डोळे उघडले. बोट दिसलं. शब्द अर्ध्यावर तुटला, खांदे आत गेले, ओठ घट्ट मिटले. सत्तावीस वर्षांची पोर बघता बघता नऊ वर्षांची झाली. नुसतं संगीत पुढे चालत राहिलं.

इसिद्रोनं ती ओळ आपल्या फाटक्या आवाजात उचलली आणि माईक तिच्या तोंडाशी धरून ठेवला. दोन ओळी गेल्या. मग लिगाया पुन्हा गायला लागली, आईकडे पाठ फिरवून.

पुरिताबाईंनी ते बोट डाव्या मुठीत आवळून धरलं. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.

"तर विहीणबाई," इसिद्रो घाम पुसत म्हणाला, "आम्ही आपलं डिसेंबर म्हणतोय."

"डिसेंबर कशाला?" पुरिताबाई म्हणाल्या. "याच महिन्यात घेऊन जा तिला."