सबिनाचा तिसरा अर्ज

मेंढी चोरली म्हणून कॉर्मॅकला आयर्लंडातून ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. त्याच्या बायकोनं, सबिनानं, थेट डब्लिनच्या किल्ल्यातल्या बड्या सरकारी साहेबाकडे अर्ज केला, मलाही नवऱ्यापाशी पाठवा. नकार आला. दुसऱ्या अर्जालाही तेच उत्तर. “फादर, अजून एक लिहा ना,” ती पाद्रीबाबांना म्हणाली. “कितीदा लिहू, पोरी? सरकारी जहाजात फुकट जागा मिळते गुन्हेगारालाच.” सबिनानं कॉर्मॅकचा लोकरी सदरा गाठोड्यात बांधला आणि जमीनदाराची मेंढी भरदिवसा ओढत पोलीस चौकीवर नेली. कोर्टात ती म्हणाली, “गुन्हा कबूल, हुजूर. त्याला दिली तीच शिक्षा द्या.” म्हातारे न्यायाधीश पाद्रीबाबांकडून अर्जांची हकिकत ऐकून गहिवरले. “बिचारी दुःखानं वेडी झालीय. सरकार काही एवढं निर्दय नाही. सोडून द्या हिला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरलेली तिची बोटं दोन शिपायांनी सोडवली.