हिंमतरावांचं ओझं

"आपल्या घराण्यात ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं!" गायकवाडी फौजेतल्या पणजोबांचा दाखला देत हिंमतरावांनी सुभानपुऱ्यातल्या घरापासून पावागडापर्यंत पुतणीला चारदा ऐकवलं. चढ सुरू होताच गुडघे कुरकुरले. पुतणी वळणाआड गेली, की ते सॅकमधली एकेक वस्तू तिच्या खाकरा नावाच्या कुत्र्याच्या पाठीवरच्या झोळीत सरकवत. रिकामी सॅक लोंबू नये म्हणून त्यांनी आत हवेची उशी फुगवली. वरचं तळं दिसताच तहानलेला खाकरा पाण्यात झेपावला आणि झोळीच्या भारानं नाकापर्यंत बुडाला. हिंमतरावांनी मागचापुढचा विचार न करता सॅक त्याच्याकडे भिरकावली. "काका, एवढ्या वजनानं मरेल तो!" पुतणी किंचाळली. सॅक बदकासारखी तरंगली; तिच्या आधारानं खाकरा काठाला लागला. पुतणीनं झोळीतून स्टीलचा डबा काढला, त्यावर कोरलेलं 'हिंमतराव' वाचलं आणि खाकऱ्याला वाकून नमस्कार केला. ती त्यालाच म्हणाली, "काका, फार दमलात हो!"