मागणी

उन्मेषने मोगऱ्याचे सगळे गजरे जिन्यातच सहानाच्या ओंजळीत ओतले. "तुमच्यासारखा गळा अख्ख्या मैलापुरात नाही," तो म्हणाला, आणि तिच्या गाण्यासाठी सभागृह बांधायचं तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, जयवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यासाठी त्याने कित्येक वर्षांत एक फूल आणलं नव्हतं.

बँकेतला हा अबोल माणूस आठवडाभर झोपला नव्हता. त्याचं बोलणं थांबत नव्हतं, आणि सगळं बोलणं खालच्या मजल्यावरच्या या गाण्याच्या शिक्षिकेशीच. शेवटी सहानाच घाबरून वर आली. "अक्का, यांना बरं नाहीये. डॉक्टरांना दाखवा." जयवंतीने तिच्या तोंडावर दार लावलं. नवरा पळवायचा आणि वर काळजी दाखवायची!

दुसऱ्या दिवशी वेस्ट मांबलमच्या भर रस्त्यात तो बस अडवून भाषण करू लागला, तेव्हा शेजाऱ्यांनीच त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर उपेंद्रांनी इंजेक्शन दिलं, मन स्थिर करणाऱ्या लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. गुंगीत डोळे मिटताना त्याने हाक मारली ती सहानाला. जयवंतीने हातातला पेला टेबलावर आपटला.

"हा उन्मादाचा झटका आहे," डॉक्टर म्हणाले. "पूर्वी कधी असं झालं होतं? झोप नाही, मोठमोठे बेत, अचानक कुणासाठी तरी वेडं होणं?"

"कधीच नाही," ती ताडकन म्हणाली. आणि मग तिला आठवलं.

कोल्हापूरला, मामेबहिणीच्या लग्नात. ओळख होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. उन्मेषने माइक हिसकावून भर मांडवात तिला मागणी घातली होती. तेव्हाही तो झोपत नव्हता, हे सासूबाई कौतुकाने सांगत. हा किस्सा जयवंतीने किती जणींना मिरवून सांगितला होता. सहानालासुद्धा. म्हणजे ती आणि सहाना सारख्याच. आता जळायचं तरी कुणावर?

औषधं हळूहळू लागू पडली. रक्तातलं लिथियम तपासून डॉक्टरांनी डोस ठरवला. उन्मेष झोपू लागला, बोलणं संथ झालं, औषधामुळे बोटांना थोडा कंप तेवढा आला. सहानाचं नाव निघालं की तो शरमून खाली बघे. जयवंतीला त्याचा आनंद होईना.

घरी जायच्या दिवशी तिने विचारलंच. "त्या मांडवात मला मागणी घातली ती तू, की या आजाराने?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आजाराने घातली असेल, जया. महिन्याभरात ते सगळं ओसरलंही होतं. मग तुझे बाबा एकटेच मला भेटायला आले. म्हणाले, घाईत बोलून गेला असाल तर आत्ताच मोडू या, मी जयाला समजावतो." त्याने तिचा हात धरला. "त्यांना मोडायचं नाही म्हणालो, तो मी."