मुरलेला पियानो

दुसऱ्या ओळीच्या शेवटी कुंदाताईंचा डावा हात आजही गळून मांडीवर पडला. पडद्यावर वसईहून शिकवणारे डिमेलो सर वाजवायचे थांबले.

"रोज त्याच जागी कसा पडतो? ताई, पियानो घेताना कोरा करून घेतला होता ना?"

कुंदाताईंना दुकानातलं बोलणं आठवलं. नवशिक्यांनी जुनाच घ्यावा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. जुन्या पियानोच्या पट्ट्या आधीच्या वादकाचे हात लक्षात ठेवतात आणि शिकणाऱ्याच्या बोटांना तेच वळण लावतात. कोरा करून देऊ का, असं त्याने विचारलंही होतं. पण मुरलेलं लोणचं कुणी धुऊन घेतं का, असं म्हणत कुंदाताईंनी तो तसाच घरी आणला. तीन आठवड्यांत त्या दोन्ही हातांनी वाजवू लागल्या होत्या.

सरांसमोरच त्यांनी दुकानात फोन लावला.

"एका आजोबांचा होता," दुकानदार म्हणाला. "शेवटच्या दिवसापर्यंत वाजवायचे. वाजवता वाजवताच डाव्या अंगावरून वारं गेलं, त्यातच वारले बिचारे."

कुंदाताईंना उलट हायसं वाटलं. "म्हणजे खोड पियानोची आहे, माझी नाही. उद्याच कोरा करून आणते."

सर हसले नाहीत. "आधी पियानो बंद करा. आणि शेजारचा तो पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलून दाखवा."

कुंदाताईंनी उजव्या हाताने बटण बंद केलं आणि पेल्याकडे पाहिलं. डावा हात मांडीवर तसाच पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.